‘चार दिवसांत’ आणि ‘चार दिवस’ : बॉस्टनमधल्या एका डोसची उलटतपासणी

बॉस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फेब्रुवारी १९९५ मध्ये एका संशोधनाच्या नोंदी संकलित करण्याचे नेहमीचे काम चालू होते. त्या नोंदी हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आले की दोन रुग्णांच्या कागदांवरचे सायक्लोफॉस्फामाइड या केमोथेरपीच्या औषधाचे आकडे संशोधनाच्या आराखड्याशी जुळत नाहीत. चार दिवसांत मिळून जेवढे औषध द्यायचे होते तेवढे या दोघींना दर दिवशी दिले गेले होते, म्हणजे एकूण डोस चौपट झाला होता. दोघींपैकी एक, बेट्सी लेहमन, ३ डिसेंबर १९९४ रोजीच त्या रुग्णालयात मरण पावल्या होत्या आणि दुसऱ्या रुग्णाच्या हृदयाला कायमची इजा झाली होती. तोवर जे झाले ते आजाराच्या आणि जहाल उपचाराच्या खात्यावर जमा झाले होते. औषधाच्या मात्रेवर कोणाचा संशय गेला नव्हता.

कॅन्सर विभागातील औषधांच्या ऑर्डरी आणि डोस तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. विभागात नवा फार्मासिस्ट किंवा नवी सिस्टर रुजू झाली की मी तिच्याबरोबर सर्वांत आधी हे प्रकरण कागद-पेन्सिल घेऊन सोडवते, कारण औषधाची तपासणी कशाला म्हणायचे आणि कशाला म्हणायचे नाही हे मला यातून जितके स्पष्ट समजले तितके कोणत्याही प्रशिक्षणात समजले नाही.

रुग्ण आणि उपचार

बेट्सी लेहमन ३९ वर्षांच्या होत्या. ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकात त्या आरोग्यविषयक स्तंभ लिहीत असत, त्यांना दोन लहान मुली होत्या आणि त्यांचे पती डाना-फार्बरमध्येच शास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. हा तपशील मी मुद्दाम देते. रुग्णाने प्रश्न विचारायला हवेत, नातेवाइकांनी जागरूक राहायला हवे, असे आपण सहज बोलून जातो. येथे रुग्ण वैद्यकीय विषयावर लिहिणारी पत्रकार होती, घरातला माणूस त्याच इमारतीत नोकरीला होता आणि संस्था अमेरिकेतील नामांकित कॅन्सर संस्थांपैकी एक होती. तरीही चूक चारही दिवस निर्वेध पुढे सरकत गेली.

त्यांना स्तनाचा कॅन्सर होता आणि तो पसरलेला होता. १४ नोव्हेंबर १९९४ रोजी त्या उच्च मात्रेच्या केमोथेरपीसाठी दाखल झाल्या. या पद्धतीत रुग्णाच्याच रक्तघटक तयार करणाऱ्या मूळ पेशी आधी काढून साठवतात, मग अस्थिमज्जा अक्षरशः कोरडी पडेल इतके जहाल औषध देतात आणि शेवटी साठवलेल्या पेशी परत सोडून मज्जा पुन्हा उभी करतात. नव्वदच्या दशकात स्तनाच्या कॅन्सरसाठी या उपचाराकडे मोठ्या आशेने पाहिले जात होते. पुढे १९९९ मध्ये जाहीर झालेल्या बहुतेक चाचण्यांत नेहमीच्या केमोथेरपीपेक्षा त्याचा फायदा दिसला नाही, पण ती गोष्ट नंतरची. लेहमन यांच्यावर चाललेल्या संशोधनात आणखी एक भर होती. आम्लपित्तावर दिले जाणारे सिमेटिडिन हे औषध मोठ्या मात्रेत सोबत देऊन सायक्लोफॉस्फामाइडचा परिणाम वाढतो का, हे तेथे पाहिले जात होते.

यातला एक धागा पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावा लागेल. ज्या विभागात मज्जा नष्ट करण्यासाठीच औषध दिले जाते, तेथे ‘डोस मोठा आहे’ या एका गोष्टीने कोणी दचकत नाही. साध्या वॉर्डात जो आकडा पाहून सिस्टर फोन उचलेल तो आकडा येथे रोजचाच असतो. मोठ्या मात्रेची सवय झालेल्या नजरेला फार मोठी मात्रा वेगळी दिसत नाही, आणि या विभागांत तपासणीची पद्धत अधिक कडक हवी ती याच कारणाने.

ऑर्डर

आराखड्यानुसार सायक्लोफॉस्फामाइडचा डोस होता शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला ४ ग्रॅम, आणि तो चार दिवसांत विभागून द्यायचा होता. म्हणजे दर दिवशी दर चौरस मीटरला १ ग्रॅम. ऑर्डर लिहिणारा डॉक्टर फेलो होता, म्हणजे कॅन्सरविषयक विशेष प्रशिक्षण घेत असलेला डॉक्टर. त्याने चार दिवसांची बेरीज हाच एका दिवसाचा डोस समजून चारही दिवसांसाठी लिहिला.

आता हे आकड्यांत पाहू, कारण या प्रकरणातील सगळी शोकांतिका एका साध्या गुणाकारात मावते. पृष्ठफळ काढण्याचे आपल्याकडे नेहमी वापरले जाणारे सूत्र असे : उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा, त्याला ३,६०० ने भागायचे आणि उत्तराचे वर्गमूळ काढायचे. समजा एखाद्या बाईंची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६० किलो आहे. गुणाकार ९,६००, भागाकार २.६७, वर्गमूळ १.६३. ही मापे मी उदाहरणासाठी घेतली आहेत, पण लेहमन यांच्या डोसवरून उलट हिशेब केला तर त्यांचे पृष्ठफळही १.६३ चौरस मीटरच निघते. यावरून त्यांचा रोजचा योग्य डोस १,६३० मिलिग्रॅम आणि चार दिवसांचा एकूण डोस ६,५२० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात त्यांना दर दिवशी ६,५२० मिलिग्रॅम मिळाले. चार दिवसांची बेरीज २६,०८० मिलिग्रॅम, म्हणजे २६ ग्रॅमच्या वर.

हा आकडा किती मोठा होता हे कळण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. त्या काळी स्तनाच्या कॅन्सरसाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च मात्रेच्या एका परिचित योजनेत सायक्लोफॉस्फामाइड चार दिवसांत मिळून दर चौरस मीटरला ६ ग्रॅम दिले जात असे. लेहमन यांना १६ ग्रॅम मिळाले. शिवाय या औषधाची मोठी मात्रा हृदयाच्या स्नायूवर घाव घालते हे ज्ञान नवे नव्हते. बॉस्टनमधल्याच डॉक्टरांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दर चौरस मीटरला रोज १.५५ ग्रॅमपेक्षा जास्त मात्रा मिळालेल्या रुग्णांपैकी २५ टक्क्यांना हृदयाचा त्रास झालेला दिसला होता. त्याहून कमी मात्रा मिळालेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होते. म्हणजे धोक्याची रेघ कुठे आहे हे शहराला ठाऊक होते. रोज ४ ग्रॅमची ऑर्डर त्या रेघेच्या अडीचपट पुढे होती.

चूक भाषेत कशी लपते हे मराठी माणसाला समजावायला परभाषेत जावे लागत नाही. ‘चार दिवसांत चार ग्रॅम’ आणि ‘चार दिवस चार ग्रॅम’ ही दोन वाक्ये शेजारी लिहून पाहावीत. फरक एका प्रत्ययाचा आहे, औषधात मात्र तो चौपटीचा होतो. आणि ‘चार दिवसांसाठी चार ग्रॅम’ असे कोणी लिहिले तर त्याचे दोन्ही अर्थ प्रामाणिकपणे लागतात. वाचणाऱ्याने कोणता लावावा हे वाक्यात कुठेच नाही. केमोथेरपीच्या आराखड्यांत काही ठिकाणी एका दिवसाचा डोस लिहिलेला असतो, काही ठिकाणी संपूर्ण आवर्तनाचा, म्हणजे उपचाराच्या एका पूर्ण फेरीचा, आणि एकाच विभागात दोन्ही रीतींचे कागद शेजारी शेजारी फिरत असतात. अशा वेळी चुकीचा अर्थ लावणारा डॉक्टर निष्काळजीच असेल असे नाही. त्याने एक अर्थ लावला, तो चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे त्याला सांगणारे त्या कागदावर काही नव्हते.

किती जणांच्या हातून गेली

या प्रकरणाविषयी जे प्रसिद्ध झाले त्यानुसार डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट मिळून डझनभर लोकांच्या नजरेखालून ही ऑर्डर गेली. ऐकताना प्रथम संताप येतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांचीही पहिली प्रतिक्रिया तीच असते : बारा जणांपैकी एकालाही दिसले नाही? पण या कामात काही वर्षे घालवल्यावर मला तो आकडा उलट्या बाजूने वाचता येऊ लागला आहे. बारा जणांनी ऑर्डर पाहिली, म्हणूनच प्रत्येकाला वाटले की ती तपासलेली आहे. फार्मासिस्ट समजतो की डॉक्टरांनी हिशेब केला आहे, सिस्टर समजते की फार्मसीने पिशवी भरण्याआधी पडताळला आहे, आणि दुसऱ्या दिवशीचा प्रत्येक जण समजतो की काल दिलेच आहे म्हणजे बरोबरच असणार. पहिल्या दिवसाचा चुकीचा डोस दुसऱ्या दिवसाच्या चुकीच्या डोसचा साक्षीदार होऊन बसतो.

येथे ‘पडताळणी’ या शब्दाचा अर्थ तपासून घेतला पाहिजे. फार्मसीत ऑर्डर आली, तिच्यावर ६,५२० लिहिले आहे, लेबलवर ६,५२० छापले, सिस्टरने लेबल आणि ऑर्डर शेजारी धरून ६,५२० आणि ६,५२० जुळत असल्याची खूण केली. यात कामचुकारपणा कुठेच नाही. प्रत्येकाने आपल्या समोरचा कागद प्रामाणिकपणे वाचला. पण ही जुळणी कागदाची कागदाशी झाली, रुग्णाशी झाली नाही. याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : री ओढणे. पहिल्याने सूर चुकीचा लावला तर मागचे सगळे त्याच सुरात तितक्याच चोखपणे गातात.

खरी तपासणी तेव्हाच होते जेव्हा दुसरा माणूस पहिल्याचे उत्तर न पाहता गणित पुन्हा मांडतो. त्यासाठी त्याच्या हातात तीन गोष्टी हव्यात : रुग्णाची आजची उंची आणि वजन, आराखड्याचा मूळ मजकूर, आणि आजवर दिलेल्या औषधाची बेरीज. यातली दुसरी गोष्ट अनेक रुग्णालयांत आजही सहज मिळत नाही. संपूर्ण आराखडा संशोधन कार्यालयातल्या कपाटात असतो आणि वॉर्डात येतो त्याचा एक पानी सारांश. सारांश करणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी जे शब्द गाळले त्यांतच ‘एकूण’ आणि ‘रोज’ हे शब्द असण्याचा धोका असतो. वॉर्डात आणि फार्मसीत मूळ मजकूर नसेल तर तपासणारा कितीही हुशार असला तरी तो सारांशाचीच री ओढणार.

एक गोष्ट मला या प्रकरणात सतत जाणवते ती हाताच्या पातळीवरची. सायक्लोफॉस्फामाइडची १ ग्रॅमची बाटली ५० मिलिलिटर द्रवात विरघळवली की एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध येते. १,६३० मिलिग्रॅमसाठी साडेएक्क्याऐंशी मिलिलिटर लागतात आणि दोन बाटल्या उघडाव्या लागतात. ६,५२० मिलिग्रॅमसाठी ३२६ मिलिलिटर आणि सात बाटल्या. बॉस्टनच्या फार्मसीत कोणत्या मापाच्या बाटल्या वापरल्या गेल्या याबद्दल मी बोलत नाही. आमच्या ट्रेवर मी हे मांडून दाखवते. एका ट्रेवर दोन रिकाम्या बाटल्या, दुसऱ्यावर सात. आकडे वाचताना डोळा फसतो, पण सात बाटल्यांचा ट्रे हातात धरलेली मुलगी आपोआप थांबते आणि विचारते, “मॅडम, एकाच पेशंटचं आहे का हे?” हा प्रश्न विचारण्याची सवय लागावी म्हणून हा खटाटोप.

शरीराने दिलेली साक्ष

औषध संपल्यानंतरचे दिवस लेहमन यांच्यासाठी अत्यंत यातनांचे होते. उलट्या इतक्या भयंकर होत्या की आतड्याच्या अस्तराचे पापुद्रे बाहेर पडत होते. सूज होती, रक्ताच्या तपासण्या बिघडलेल्या होत्या आणि हृदयाच्या आलेखातही फरक पडला होता. या प्रत्येक गोष्टीला उपचाराचा अपेक्षित त्रास हे उत्तर उपलब्ध होते, कारण असा उपचार घेणाऱ्या रुग्णांना त्रास होतोच. काहीतरी बिनसले आहे असे त्या स्वतः सांगत होत्या. मृत्यूच्या दिवशी त्यांनी एका परिचित व्यक्तीच्या फोनवर निरोप ठेवला, त्यातही आपल्याला फार भीती वाटते आहे आणि काहीतरी चुकते आहे हेच त्या सांगत होत्या. त्या सुमारास त्यांना घरी सोडण्याची तयारी चालू होती. शवचिकित्सेत डोळ्यांना दिसेल असा कॅन्सर शरीरात आढळला नाही, असे नंतर प्रसिद्ध झाले.

डोसची तपासणी आणि रुग्णाचे म्हणणे या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी आहेत असे मी पूर्वी मानत असे. माझे मत बदलले ते आमच्याकडच्या एका प्रसंगाने. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या एक वयस्कर बाई दुसऱ्याच कारणासाठी दाखल झाल्या होत्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर मज्जा कोलमडते आणि माणूस दगावू शकतो. दाखल करताना घरच्या औषधांची यादी उतरवली गेली आणि त्या गोळीपुढे ‘रोज एक’ असे पडले. ट्रीटमेंट शीटवर सही होती, तारीख होती, अक्षर सुवाच्य होते. संध्याकाळी गोळ्या वाटताना त्या बाई म्हणाल्या, “सिस्टर, ही पिवळी गोळी मी घरी फक्त रविवारी घेते हो. आज तर बुधवार आहे.” सिस्टरने गोळी परत ठेवली आणि मला फोन केला. त्या संध्याकाळी आमच्या सगळ्या व्यवस्थेत बरोबर डोस एकट्या रुग्णाला माहीत होता. तेव्हापासून आमच्या तपासणीच्या कागदावर ‘रुग्ण किंवा नातेवाईक काही वेगळे सांगतात का’ असा रकाना आहे, आणि तो रिकामा सोडलेला मी चालवून घेत नाही.

कळले कसे, आणि इतक्या उशिरा का

चूक शोधली ती नोंदी भरणाऱ्या कर्मचाऱ्याने. हे काम करणाऱ्याला रुग्णाची प्रकृती दिसत नाही, विभागाची घाई दिसत नाही, आणि ऑर्डर कोणाच्या सहीची आहे याचे दडपण त्याच्यावर नसते. त्याच्यासमोर दोन गोष्टी असतात : काय द्यायचे ठरले होते आणि काय दिले गेले. वॉर्डातल्या बारा जणांना ज्या दोन गोष्टी एकत्र पाहायला मिळाल्या नव्हत्या त्या या टेबलावर शेजारी आल्या. कागदकाम म्हणून जे काम आपण खालचे मानतो त्याची रचनाच अशी होती की चूक दिसावी. वॉर्डातील तपासणीची रचना तशी नव्हती.

पण ती रचना घटनेनंतर दोन महिन्यांहून अधिक काळाने कामाला लागली. संशोधनाच्या नोंदी ज्या वेळापत्रकाने गोळा होतात त्या वेळापत्रकाला रुग्णाचा बिछाना माहीत नसतो. आपल्याकडेही औषधांच्या तपासणीचा मोठा भाग असाच आहे. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या निकषांत औषधव्यवस्थापनाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यामुळे मानांकित रुग्णालयांत ऑर्डरींची नियमित तपासणी होते, ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी ही तपासणी म्हणजे महिनाअखेरीला रेकॉर्ड विभागातून डिस्चार्ज झालेल्या काही फाइली काढणे, ऑर्डर मोठ्या अक्षरांत आहे का, तारीख-वेळ आहे का, सही आहे का, हे पाहून टक्केवारी काढणे एवढीच असते. लेहमन यांची ऑर्डर अशा तपासणीत पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाली असती असे मला वाटते. सुवाच्य, सही-तारखेसह लिहिलेला, चुकीचा आकडा. बंद फाइलीची तपासणी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण चुका कोणत्या वळणावर वारंवार होतात हे तिच्यातूनच कळते. पण ती फाइल ज्याची आहे त्याला तिचा उपयोग नसतो.

नंतरच्या घडामोडी

२३ मार्च १९९५ रोजी ‘बॉस्टन ग्लोब’ने, म्हणजे लेहमन यांच्याच दैनिकाने, ही बातमी पहिल्या पानावर छापली. संस्थेतील वरिष्ठ डॉक्टरांना आणि प्रशासकांना पदे सोडावी लागली, अमेरिकेतील मानांकन देणाऱ्या संस्थेने रुग्णालयाचे मानांकन सशर्त केले, आणि परिचारिकांवरील कारवाईचे प्रकरण तर राज्याच्या परिचर्या मंडळापुढे पुढे कितीतरी काळ रेंगाळत राहिले. शिक्षांचा हा भाग मी लांबवत नाही. शिक्षा झाली म्हणून पुढच्या रुग्णाच्या डोसचे गणित बरोबर येत नाही.

महत्त्वाचे ते डाना-फार्बरने कामाच्या पद्धतीत जे बदलले ते. उच्च मात्रेच्या केमोथेरपीच्या ऑर्डरीवर वरिष्ठ डॉक्टरांची सही लागू लागली, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांची पडताळणी स्वतंत्रपणे होऊ लागली, आणि केमोथेरपीच्या ऑर्डरी संगणकावर आणून त्यांत कमाल मात्रेची मर्यादा बसवण्यात आली, म्हणजे मर्यादेबाहेरचा आकडा टाकला की संगणक अडवणार. काही वर्षांनी संस्थेने रुग्णांची आणि कुटुंबीयांची सल्लागार समिती स्थापन करून तिला निर्णयप्रक्रियेत जागा दिली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रुग्णालयांतील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत असा अंदाज मांडणारा अहवाल काढला, त्याच्या सुरुवातीलाच बेट्सी लेहमन यांचे नाव आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात रुग्णसुरक्षेसाठी काम करणारे सरकारी केंद्रही त्यांच्या नावाने चालते.

संगणकाच्या मर्यादेबद्दल एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. मर्यादा एका दिवसाची आणि संपूर्ण आवर्तनाची अशा दोन्ही बाजूंनी बसवली नाही तर ती अर्धीच असते. मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाच्या विभागात एका दिवसाची मर्यादा मोठी ठेवावीच लागते, आणि रोज मर्यादेच्या आत राहूनही चार दिवसांची बेरीज भलतीकडे जाऊ शकते. शिवाय संगणक दिवसातून पन्नास वेळा किरकोळ कारणाने इशारा देऊ लागला की माणसे न वाचता तो बंद करायला शिकतात, मग एक्कावन्नावा इशारा खरा असला तरी त्याच वेगाने बंद होतो.

आमच्या कागदावर काय बदलले

या प्रकरणावरून आम्ही केमो चार्ट नव्याने आखला. ऑर्डरीत ‘चार दिवसांसाठी’, ‘दिवस १ ते ४’ अशी नुसती शब्दरचना चालत नाही. दर चौरस मीटरचा डोस, पृष्ठफळ, त्यांचा गुणाकार करून आलेला एका दिवसाचा डोस मिलिग्रॅममध्ये, दिवसांची संख्या, आणि आवर्तनाचा एकूण डोस, हे पाचही आकडे ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरने स्वतः लिहायचे. यात जाणूनबुजून पुनरुक्ती आहे. एका दिवसाचा आणि एकूण असे दोन्ही आकडे लिहायला लागले की एकाचा दुसरा समजणे अवघड होते, कारण चुकीचा अर्थ लावणाऱ्याला एकूण रकान्यात २६,०८० लिहावे लागेल, आणि तो आकडा लिहिताना हात थबकण्याची शक्यता पुष्कळ आहे.

फार्मासिस्ट ऑर्डर पाहण्याआधी उंची-वजनावरून आणि आराखड्याच्या मूळ प्रतीवरून स्वतःचा आकडा कोऱ्या कागदावर काढतो आणि मगच ऑर्डर उघडतो. सुरुवातीला याला विरोध झाला. वेळ जातो, डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, असे म्हणणे होते. वेळ जातो हे खरे आहे. एका ऑर्डरीला आठ-दहा मिनिटे लागतात. अविश्वासाचे म्हणणे मात्र मला पटले नाही. रेसिडेंट डॉक्टरांना मी सांगते की तुमचा आकडा मला पाठ असेल तर मी तुमच्या काही उपयोगाची नाही.

शेवटचा बदल सर्वांत साधा आहे. चार्टवर रोजच्या डोसच्या पुढे आम्ही दोन रकाने वाढवले : ‘आजवर दिलेले’ आणि ‘शिल्लक’. एकूण डोस माथ्यावर आराखड्यातून उतरवलेला असतो आणि तो फार्मासिस्ट उतरवतो, ऑर्डर देणारा डॉक्टर नाही. रोजची पिशवी लागली की सिस्टर त्यातून वजाबाकी करते.

नव्या मुलींना मी हा चार्ट लेहमन यांच्या आकड्यांनी भरायला लावते. माथ्यावर एकूण डोस ६,५२०. पहिला दिवस, दिलेले ६,५२०. दर चौरस मीटरला ४ ग्रॅम ही एका दिवसातली मात्रा भारी आहे, पण मूळ पेशी रक्तात उतरवण्यासाठी तेवढे सायक्लोफॉस्फामाइड एका दिवशी दिले जाते आणि माणसे त्यातून सुखरूप बाहेर येतात. म्हणजे पहिल्या संध्याकाळी हातून सगळे निसटले होते असे मानायचे कारण नाही. मुली वजाबाकी करतात आणि पहिल्याच ओळीत ‘शिल्लक’ रकान्यात शून्य येते. दुसऱ्या दिवसाच्या ओळीवर पेन्सिल नेऊन त्या थांबतात, कारण तेथे लिहायला औषधच उरलेले नसते.